शेवटच्या घराची हवा

या, बसा. त्या जाळीच्या अगदी समोर नका बसू, मान धरंल. हं, तिथं भिंतीकडं. आज हवा जरा मंद आहे, चालवून घ्या. आता गार हवेत बसलाच आहात, तर या हवेचीच एक गोष्ट सांगतो. दोन जावा, नुकतीच पाचवी पुजलेलं एक लेकरू आणि एक पत्र्याचं अजगर, एवढंच सामान आहे हिच्यात. पण मधी उठू नका. मधी उठलेल्याला ही गोष्ट अर्धी चावते.

ही आपली चाळ तुम्हाला दिसते तशी आधी नव्हती. समोरची डाळमिल बंद पडलेली, वर तापलेली टिनं, आणि अकोल्याचा उन्हाळा. दरसाल वाटायचं, याच्यापेक्षा जास्त काय तापणार? आणि दरसाल तो जास्तच तापायचा. होळी झाली की माळ्यावरचे कूलर खाली यायचे. गंज खरवडायचा, ताट्यांत नवं गवत भरायचं, पंपाला तेल द्यायचं. चाळीतल्या निम्म्या कूलरची पेटी दमयंतीच्या हातची असायची. तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, वसंताचं, टिनाचं दुकान होतं. बाई अशी की कात्री पत्र्यातून नेते का लुगड्यातून, कळायचं नाही. तोंड मात्र त्याच कात्रीसारखं.

पुढं पुढं त्या कूलरांनी दगा दिला. दोष कूलरचा नव्हता. माठाचं पाणी गार का होतं, ठाऊक आहे ना? पाणी उडून जाताना सोबत उष्णता घेऊन जातं, म्हणून. कूलरचंही तेच, गवत ओलं आणि वारा त्याच्यातून. पण साधा कूलर गारव्यासोबत ओलही घरात आणतो. हवा आधीच दमट असली की तिला पाणी पिववत नाही, मग गारवा कुठून येणार? आणि टँकर आला की अर्धं पाणी कूलरच ढोसायचे.

तेव्हा आली फरहीन मॅडम. इथल्याच ताजनापेठेतली पोरगी, मशिनं बनवायची शिकून आलेली. तिनं बंद मिलीत एक यंत्र बसवलं. हातावर ठेवला तर वाकंल एवढ्या पातळ पत्र्यांची चळत, मधी बारीक फटी. चाळीनं लगेच नाव ठेवलं, पापड. एका फटीतून कोरडी हवा जाते, शेजारच्या फटीत पाणी झिरपतं. ओल्या फटीतलं पाणी उडतं, पत्रा गार होतो, आणि पलीकडची हवा न भिजताच गार होते. त्याच्यातही गंमत अशी की, गार झालेल्या हवेतली थोडी हवा परत ओल्या फटीत सोडायची. गार हवेनं उडवलेलं पाणी पत्रा आणखी गार करतं. अशी वळवून वळवून ती हवा त्या थराला न्यायची, जिथं साधा कूलर जन्मात पोचला नसता.

आता मिलीत हवा गार झाली, पण माणसं तर चाळीत. ती हवा घराघरात न्यायची कशी? इथं दमयंती आली.

लोकांना वाटतं, पंखा मोठा लावला की हवा जाते. हवा मोठी आळशी असते बघा. काटकोनात वळवली तर ती कोपऱ्यावर डोकं आपटून तिथंच घोटाळते. म्हणून डक्टचं, म्हणजे हवा नेणाऱ्या पत्र्याच्या नळीचं, प्रत्येक वळण गोल पाहिजे, आत वाकवलेल्या पात्या पाहिजेत, म्हणजे हवेला वळल्याचंही कळत नाही. दुसरं असं, की एकेका घरानं आपला वाटा घेतला की आतली हवा कमी होते. डक्ट तेवढीच रुंद ठेवली तर उरलेली हवा सुस्तावते आणि वाटेतच तापते. म्हणून डक्ट घरागणिक निमुळती करत न्यायची. प्रत्येक सांध्यावर कापडाची पट्टी आणि लेप, वरून जिनिंगमधल्या टाकाऊ कापसाची गादी. फरहीन मॅडम आकडे काढायची, दमयंती पत्रा कापायची. दोघी भांडून भांडून एकमेकींच्या जिवाभावाच्या झाल्या.

अशी ती डक्ट चाळीच्या मागच्या भिंतीवरून पसरली. तोंड मिलीत, शेपटी शेवटच्या घरात. पोरं म्हणायला लागली, अजगर. प्रत्येक घराच्या आतल्या खोलीत एक जाळी, जाळीमागं एक झडप, आणि समोरच्या भिंतीत वर एक झरोका. वापरलेली हवा त्या झरोक्यातून टिनाखालच्या माळ्यात आणि तिथून बाहेर. जाता जाता टिनाची धगही घेऊन जायची. झडपा बाहेरच्या गल्लीतून किल्लीनं फिरायच्या, आणि ती किल्ली दमयंतीच्या कमरेला.

तिथंच माणसं बदलली, बघा. आधी ज्याचा त्याचा कूलर होता. हवा कमी आली तर माणूस आपल्याच पंपाला शिव्या द्यायचा. आता हवा सगळ्यांची झाली, आणि शिव्या द्यायला एक माणूस मिळालं. कोणी दमयंतीला सकाळी गरम भजी आणून द्यायचं, म्हणजे आपली झडप बोटभर जास्त उघडंल. कोणी ती गेली की पाठीमागं म्हणायचं, वारा वाटते जसा काय हिच्या बापाचा.

सगळ्यात जास्त बोलायची शेवटच्या घरातली कौसल्या. ही दमयंतीची मोठी जाऊ. दोघी वर्षानुवर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. बोलत नव्हत्या म्हणजे, भिंतीशी बोलायच्या. एकीनं भिंतीला सांगायचं, दुसरीनं ऐकायचं. कौसल्याबाईचं म्हणणं, हिनं आम्हाला मुद्दाम शेपटीला बांधलं. खरं तर घर शेवटचं होतं म्हणून शेपटी तिथं आली. आणि तो शेवटचा तुकडा दमयंतीनं जेवढ्या जपून कापला होता, तेवढा दुसरा कुठलाच नव्हता. पण हे भिंतीला सांगून काय होणार?

त्या साली वैशाखात लाट आली. दुपारी गल्लीत कुत्रं दिसेना. नळाची तोटी धरली की हात भाजायचा. आणि कौसल्याबाईच्या घरात तिची सून जान्हवी बाळंत झाली. पोरीला माहेर नव्हतं, आईबाप लहानपणीच गेलेले. नवरा ट्रकवर, लांब कुठं आसामात. म्हणून बाळंतपण सासरीच. कौसल्याबाईनं पोटच्या पोरीसारखं केलं तिचं. आतली खोली, खाट, खाटेखाली शेगडी, ओवा-शेपाची धुरी. दाराला पडदा, फटीत चिंध्या. घरात बाळंतपणाचं सुवेर, म्हणून शेजारपाजारच्यांना आत पाय ठेवायची सोय नाही.

पाचवी झाली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कौसल्याबाई गल्लीत आली. डोक्यावर पदर नाही, पायात चप्पल नाही. त्या तापलेल्या फरशीवर अनवाणी उभी. दमयंती तिच्या दारात होती, पण ही तिच्याकडं न बघता भिंतीकडं तोंड करून बोलली.

“कोणी सांगा म्हणा, लेकरू तापलं हाये. दूध ओढत नाही. आमच्या घरात हवाच येत नाही. ज्याच्या कमरेले किल्ली हाये, त्यानं जावेचा राग लेकरावर काढू नये म्हणा.”

दमयंतीच्या हातातली परात तशीच खाली आली. तिनं दवाखान्याला फोन लावला. तिकडं उन्हानं पडलेल्यांची रांग, गाडी सांजेशिवाय येणार नव्हती. नर्सबाईनं एकच सांगितलं, लेकराला गार जागेत ठेवा आणि अंगावर पाजत राहा, लाट ओसरेपर्यंत दुसरा उपाय नाही. दमयंतीनं भिंतीला सांगून पाहिलं की लेकरू आमच्या घरी आणा. कौसल्याबाईनं भिंतीलाच उत्तर दिलं की बारशाच्या आधी लेकरू उंबऱ्याबाहेर जाणार नाही, आणि या आगीत तर नाहीच, आणि त्या घरी तर मुळीच नाही.

मग दमयंती अजगराकडं धावली. शेवटच्या घराची झडप तिनं किल्लीनं चाचपली, पुरी उघडी होती. झडप उघडी आणि हवा नाही, म्हणजे आतला पत्रा फाटला. कुठला सांधा सुटला? शेवटच्या तुकड्याचा लेप आपण नीट दिला होता ना? शेपटी आपण जास्तच निमुळती केली का? इतकी वर्षं लोक पाठीमागं जे बोलत होते ते खरं होतं का, असं तिला स्वतःलाच वाटायला लागलं. वाईट असतं ते. दुसऱ्यानं घेतलेला संशय माणूस झटकून टाकतं, स्वतःचा कुठं झटकणार?

तिनं घाईत एक काम केलं. सगळ्या चाळीच्या झडपा ती एकेक करून मिटत निघाली. बाकीच्यांचं तोंड बंद केलं की सगळी हवा शेपटीला जाईल, हा साधा हिशोब. मागून घराघरातून ओरड. आमचा म्हातारा आत झोपला हाये वो दमूबाई. आमच्याकडं काय माणसं राहत नाहीत का? ती पुढच्या झडपेकडं सरकत राहिली. कौसल्याबाई दारात जाऊन परत आली आणि भिंतीला म्हणाली, नाही, काहीच नाही.

निम्म्या झडपा मिटल्या असतील, तेवढ्यात मधल्या वळणावर असा आवाज झाला जशी डबल रोटीची भट्टी फुटली. आत हवा कोंडली आणि दाबानं सांधा उघडला. कापसाची गादी फाटून फाया गल्लीत उडाला, आणि गार हवेचा लोट उन्हात वाया जायला लागला. मिलीतून वसंता ओरडत आला की पंखा बंद करतो, नाहीतर अजगर उभं चिरंल. पंखा बंद म्हणजे सगळी चाळ भट्टीत. पापड पुन्हा गार व्हायला सांज झाली असती. तोवर ते लेकरू, म्हातारी माणसं, कोणाचं काय झालं असतं कोण जाणे.

दमयंती म्हणाली, “बंद नको. झडपा उघडतो मी.”

आणि ती उलटी धावली, मिटलेल्या झडपा उघडत. दाब उतरला, सांध्याचं फुसफुसणं कमी झालं. वसंतानं ओलं पोतं गुंडाळून तारेनं आवळलं. दमयंती धापा टाकत शेवंताच्या ओट्यावर टेकली. शेवंता म्हणजे मधल्या घरातली, भजी आणणाऱ्यांतली. तिनं तांब्या पुढं केला आणि सहज बोलून गेली की आता पुन्हा आमचं कॅलेंडर उडायला लागलं. या आठवड्यात काय हवा सोडली तुम्ही दमूबाई, कॅलेंडर खिळ्यावर ठरत नाही. शेजारीण पण तेच म्हणते.

दमयंतीनं तांब्या खाली ठेवला.

तेवढ्यात फरहीन मॅडमचा फोन. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिथूनच तिला अजगराचा दाब दिसायचा. ती म्हणाली, ताई, मला काही समजत नाही. शेवटाला दाब तर भरपूर आहे. फाटलं असतं तर पडला असता.

दमयंतीनं कपाळाला हात लावला. पत्रा फाटला असता तर सगळ्यांची हवा कमी झाली असती. इथं तर सगळ्यांची वाढली होती. मग ही वाढीव हवा आली कुठून? ती शेवटच्या घराचीच. अजगर तिथवर पोचतं, दार ठोठावतं, आणि आत जागा नाही म्हणून मागं फिरतं. बाटलीत फुंकर मारून बघा कधी. बाटलीचं तोंड उघडंच असतं, तरी तुमची फुंकर तुमच्याच तोंडावर परत येते. का? आतल्या हवेला दुसरीकडून निघायला वाट नाही. बाहेर काढल्याशिवाय आत येत नाही, एवढी साधी गोष्ट. दाब मोजायचं यंत्र मॅडमनं डक्टमधी बसवलं, दमयंतीनं पत्रा पाहिला, झडपा पाहिल्या. घरात काय चाललंय हे दोघींपैकी कोणी पाहिलंच नाही. सुवेराच्या खोलीत कोण बघणार?

आणि इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. सुवेर भावकीला पण असतं, आणि ज्याला सुवेर आहे त्याला आत जायची आडकाठी नाही. म्हणजे सबंध चाळीत त्या खोलीत जाऊ शकणारं बाहेरचं माणूस एकच होतं. दमयंती.

ती गेली. उंबरा ओलांडताना पाय जरा अडला तिचा, पण गेली.

आत अंधार. ओली, घट्ट गरमी, जसं भाताच्या पातेल्यावरचं झाकण आत्ताच उचललंय. खाटेवर जान्हवी घामानं निथळत बसलेली, मांडीवर लेकरू. लाल तोंड, ओठ कोरडे, रडणंसुद्धा सोडलेलं. शेगडीतली धुरी खाटेभोवती तरंगत होती. दमयंतीनं पदराचं टोक जाळीसमोर धरलं. हललं नाही. मग तिनं मान वर केली. झरोक्यात गोधडी कोंबलेली. नीट घडी करून, काठीनं ठोकून बसवलेली, प्रेमानं एखादं काम करावं तशी.

तिनं स्टूल ओढून वर पाय ठेवला, तर कौसल्याबाई आडवी आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती भिंतीशी नाही, तिच्याशी बोलली.

“त्या गोधडीले हात लावू नको.”

“बाई, हवेले निघायला वाट नाही. म्हणून आत येत नाही ती.”

“पोरीले वारं लागन. लेकराले लागन.”

“नाही लागणार.”

“तेव्हा पण तू असंच म्हणाली होती.”

जान्हवी दोघींच्या तोंडाकडं बघत राहिली. तिला ठाऊक नव्हतं. चाळीत फार थोड्यांना ठाऊक होतं. कौसल्याबाईचं पहिलं लेकरू, खूप जुनी गोष्ट. तेव्हा दमयंती नवी नवरी होती. जावेची खोली कोंदली म्हणून तिनं खिडकी उघडली होती. दोन दिवसांनी लेकरू तापानं गेलं. डॉक्टर म्हणाले, आजार आतला होता, वाऱ्याचा काही संबंध नाही. पण डॉक्टर घरी गेले, आणि ती खिडकी घरातच राहिली. डक्ट, शेपटी, झडप, ही सगळी नंतरची निमित्तं होती.

दमयंती स्टुलावरून पाय काढून खाली उभी राहिली. तिला पुष्कळ बोलता आलं असतं. डॉक्टरचं सांगता आलं असतं, पापडाचं, दाबाचं. त्या तोंडाळ बाईनं ते सगळं बाजूला ठेवलं. तिनं शेगडीकडं बोट केलं.

“बाई, हा धूर पाहा. सकाळपासून इथंच हाये ना? खाटेभोवती?”

कौसल्याबाईनं पाहिलं. धूर खाटेला गुंडाळून बसला होता.

“जो धुराले निघू देत नाही, तो गारव्याले येऊ कसा देईन? झरोका वर हाये, खाट खाली हाये. हवा वरून जाईन. धूरच सांगन तुम्हाला, लेकराला लागते का नाही ते. लागली तर लगेच पुन्हा कोंबा, मी आडवी येत नाही.” मग ती थांबली. “पण मी नाही काढत. मी एकदा उघडली होती. आज तुम्ही उघडा.”

बाहेर वसंता तारेला पिळे देत होता, त्याचा कुईकुई आवाज तेवढा. लेकराचं पोट भात्यासारखं खालीवर होत होतं.

कौसल्याबाई स्टुलावर चढली. दमयंतीनं मागून कमरेला धरलं. म्हातारीनं झिडकारलं नाही. तिनं गोधडीचं टोक धरलं, पण ओढेना. डोळे मिटले, काहीतरी पुटपुटली, आणि ओढली.

आधी काहीच झालं नाही. मग जाळीतून एक उसासा आला, जसा खूप वेळ डोक्यावर ओझं घेतलेला माणूस ते उतरवताना टाकतो. पडद्याची झालर हलली. आणि धूर, जो सकाळपासून खाटेला चिकटून बसला होता, तो कोणी हाक मारल्यासारखा उठला, छताशी गेला, आणि ओळीनं झरोक्यातून बाहेर. खाटेवरची चादरसुद्धा हलली नाही. कौसल्याबाई स्टुलावर उभी राहून त्या धुराच्या शेपटीकडं बघत होती. पुष्कळ जुनं काहीतरी त्याच्यासोबत चाललंय, तसं.

दमयंतीनं जाळीची पट्टी आणखी वर वळवली, खाट कोपऱ्याला सरकवली, शेगडी बाहेर नेली. कौसल्याबाईनं शेगडीला ना म्हटलं नाही, फक्त धुरीचं वाडगं ठेवून घे म्हणाली. ठेवलं. हळूहळू भिंती निवायला लागल्या. जान्हवीनं ओल्या फडक्यानं लेकराचं अंग पुसलं, छातीशी धरलं. नाही ओढलं. परत धरलं. नाही.

दोघी जावा उंबऱ्यात बसून होत्या, एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून, कारण उंबरा तेवढाच होता.

मग आतून जान्हवीचा आवाज आला, रडका आणि हसरा, “आई, ओढते हाये.”

कौसल्याबाईनं पदर तोंडाला लावला. सांजेला दवाखान्याची गाडी आली, नर्सबाईनं तपासलं आणि म्हणाली, इथंच राहू द्या, आमच्या वॉर्डापेक्षा इथं बरं आहे.

नर्सबाई गेल्यावर कौसल्याबाई उठली, चुलीकडं गेली, आणि भिंतीकडं तोंड करून म्हणाली, “कोणी चहा घेईन का म्हणा.”

दमयंतीनं भिंतीलाच सांगितलं, “साखर कमी टाका म्हणा.”

आता ते लेकरू मोठं झालं. परवाच याच गल्लीत सायकल घेऊन पडलं. आणि चाळीत कोणी बाळंत झालं की धुरीचं वाडगं घेऊन कौसल्याबाईच जाते, झरोक्याखाली ठेवते, धूर कुठं जातो ते बघते, मगच पाळण्याची जागा सांगते.

तर झाली गोष्ट. आता माझं एक काम करा. हवा मंद आहे, असं मी मघाशी म्हणालो ना? ते तुमच्या डोक्यावर बघा. पाहुणे येणार, धूळ नको, म्हणून आमच्या सुनेनं झरोक्यात पोतं कोंबलंय. माझा हात पुरत नाही, आणि तुम्ही उंच आहात. जाण्याआधी तेवढं ओढून काढा.